अक्कांनी भिजत घातलेला गहू

अक्का, तुमचा गहू माझ्याकडे आहे. आधी हे सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही तो स्टीलच्या बादलीत भिजत घातला आणि मंगळवारी दुपारी जेवून पडलात त्या उठलाच नाहीत. मी गुरुवारी मेहरूणला तुमच्या घरी आले. मला अशा घरी जाऊन काय बोलायचं ते कळत नाही. ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यांनी मला जागा करून दिली आणि मी तासभर गप्प बसले. निघताना तुमच्या सूनबाई, सुनंदावहिनी, मला मोरीपाशी घेऊन गेल्या. बादलीवर ताट झाकलेलं होतं.

"गव्हाला आज तिसरा दिवस आहे," त्या म्हणाल्या. "सुतकात कुरडया होत नाहीत. मोठ्या आत्या म्हणतात, म्हशीला घालून टाक. पण रोज पाणी बदलत गेले मी. का ते मलाच माहीत नाही."

"वास येत नाही अजून," मी म्हणाले.

"पाणी बदललं की नाही येत." त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली. "तुम्ही न्या. तुम्हाला त्यांनी शिकवलंय ना चीक करायला?"

शिकवलं होतं का तुम्ही? मी दोन वर्षं तुम्हाला कुरडयांचा चीक शिजवताना नुसतं पाहिलं आहे, आणि त्यातलं निम्मं माझ्या प्रबंधात वापरलं आहे. त्याला शिकणं म्हणतात का, हे मी कधी तुम्हाला विचारलं नाही. विचारायचं राहिलेलं बरंच आहे. हे त्यातलं सगळ्यात सोपं.

कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात मी संशोधनासाठी रुजू झाले तेव्हा पहिला आठवडा तुम्हाला वाटत होतं की मला बोलता येत नाही. तुम्ही तिथल्या मदतनीस, सिंकपाशी उभ्या राहून फ्लास्क धुवायच्या. भाजल्याच्या जुन्या व्रणाने तुमच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळहाताकडे वळून तिथेच बसलेली होती. ब्रश तुम्ही अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत धरायच्या, आणि तरी तुमच्या हातून एक काच फुटल्याचं मला आठवत नाही. मी त्या आठवड्यात तीन बीकर फोडले. तिसऱ्याच्या वेळी तुम्ही शिपाईभाऊंना माझ्यासमोरच विचारलंत, "ही पोर मुकी शे का?" मी म्हणाले, "नाही." तुम्ही म्हणालात, "हा. मंग ठीक शे."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी होती, पण कामाचं काही सांगायचं झालं की शब्द इंग्रजीतच यायचे आणि ते तुमच्यासमोर उच्चारायची मला लाज वाटायची. मी काय करते असं तुम्ही विचारलंत त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. घरी जाऊन बाबांना विचारलं, स्कॅफोल्डला मराठीत काय म्हणतात. ते म्हणाले, परांची. दुसऱ्या दिवशी तुमच्याजवळ येऊन मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. भाजलेल्या जागी नवी कातडी यायला आधार लागतो. जिलेटिन आणि स्टार्चची एक पातळ वडी करायची, तिच्यात बारीक बारीक भोकं ठेवायची. शरीरातल्या पेशी त्या भोकांत शिरून वाढतात. ही त्यांची परांची.

"घरले रंग देवाले बांधतस ती?" तुम्ही विचारलंत.

"तीच."

"मंग रंग व्हयना का सोडी लेतस. हाई बी सोडतस का?"

माझ्या मार्गदर्शक सरांनी हा प्रश्न मला मुलाखतीत विचारला होता आणि मी अडखळले होते. "सोडावी लागत नाही," मी म्हणाले. "कातडी आली की ती आपोआप विरघळून जाते."

"म्हंजे बांबू काढाले मानूस नको," तुम्ही म्हणालात आणि पुढचा फ्लास्क उचललात. तेव्हापासून तिला परांची कोणी म्हटलं नाही. तुम्ही भिंगातून एकदा ती भोकं पाहिलीत आणि तिचं नाव जाळं पडलं. सरसुद्धा म्हणायला लागले, "जाळ्याचं काय झालं?"

जाळ्याचं काही होत नव्हतं. भोकं करण्यासाठी आम्ही गरम मिश्रण काचेवर ओतून गोठवत होतो. बर्फाचे कण जिथे तयार होतात तिथे नंतर पोकळी राहते. ज्या यंत्राने हा बर्फ नीट काढतात ते यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून गार स्पिरिटमध्ये बुडवून काढायचो. एवढं जमलं होतं. पण वडी काचेवरून सोडवताना फाटायची. आणि न फाटता निघालीच तर काचेकडची बाजू गुळगुळीत, बंद. भिंगाखाली बघितलं की वरच्या बाजूला भोकं आणि खालून भिंत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आमचे नमुने थर्मासमध्ये बर्फ घालून जायचे, तिथे त्यांच्यावर पेशी वाढवून बघायचे. तीनदा एकच उत्तर आलं. पेशी आत गेल्या नाहीत.

चौथ्या वेळी वडी फाटली तेव्हा तुम्ही माझ्यामागे उभ्या होत्या.

"बठ्ठं फाटी गयं का?"

"हो, सगळं फाटलं."

"काचवर कोन वतस वं चीक?"

"हा चीक नाही, अक्का."

"चिकटस का नही?"

"चिकटतो."

"मंग चीकच शे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणलात, धुऊन, उकळून, घडी घालून. तो ओला करून ट्रेमध्ये पसरलात. चिकाच्या पापड्या तुम्ही अशाच घालायच्या, ओल्या कापडावर, उन्हात. वाळल्यावर ओढायच्या नाहीत. कापड उलटं करायचं आणि मागून पाण्याचा हात फिरवायचा. "मांगेथून पानी लाव आनि बठ. तो सोताच सोडस. घाई नको करू."

मला ते बसणं जमत नव्हतं. मी दोन मिनिटांत कोपरा उचलायला गेले आणि तुम्ही माझ्या हातावर हलकी चापट मारलीत. दहा मिनिटांनी वडी अख्खी निघाली. खालच्या बाजूला कापडाच्या विणीचा ठसा होता आणि प्रत्येक घरात भोक उघडं. त्या नमुन्याचं उत्तर आलं तेव्हा सरांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. पेशी दोन्ही बाजूंनी आत शिरल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "मंग? आते हातले लावाना का?" सगळे हसले. मीही हसले. अक्का, तिथूनच माझं चुकायला लागलं.

कारण त्यानंतर दर आठवड्याला तुम्ही तेच विचारायला लागलात. "तुन्हं जाळं कव्हय व्हई? मन्हा हात उघडाले." कधी होईल, हे सकाळी कुलूप काढताना, दुपारी डबा उघडताना. आणि मी उत्तर द्यायचे. सध्या जाळं किती दिवस टिकतं, ते कडक करायला कोणतं रसायन वापरतो, ते रसायन पुरतं धुतलं नाही तर पेशी कशा मरतात, मग कमी कसं वापरता येईल. मी बोलत राहायचे, तुम्ही "हा, हा" करत भाकरी मोडायच्या. एक वाक्य तेवढं मी कधी बोलले नाही. पुण्याच्या काचेच्या बशीतून माणसाच्या हातापर्यंत पोचायला वीस वर्षं लागतील, कदाचित ते पोचणारच नाही, आणि जुन्या आखडलेल्या हाताला तर आधी शस्त्रक्रियाच लागेल, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुम्हाला धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. आखडलेली कातडी कापून बोटं सरळ करायची आणि मांडीची कातडी तिथे लावायची. तुम्ही नाही म्हणून आलात. मी एकदा धीर करून विचारलं, का नाही. तुम्ही म्हणालात, "एक खड्डा बुजाले दुसरा खड्डा खंदतस का कोनी?" आणि लगेच, "तुन्हं जाळं शे ना." मी गप्प बसले. मला गप्प बसणं सोपं जातं. लोक त्याला शहाणपणा समजतात.

तुमचा हात कसा भाजला हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, आणि तेही चीक ढवळता ढवळता. मागच्या वर्षी तुमच्या अंगणात मोठं पातेलं चुलीवर होतं आणि तुम्ही ओलं बोट चिकाला लावून दाखवत होतात. चिकटला नाही म्हणजे शिजला. हात भाजला तेव्हा तुमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, शिरपूरकडच्या गावी, सासरी. असंच पातेलं उतरवताना कललं आणि उकळता चीक तळहातावर आला. चिकाला ओला हात लावायचा हे त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पाण्याची घागर हाताच्या अंतरावर होती. पण घाबरून सासूबाईंनी कोरडं फडकं घेतलं आणि चीक ओढून काढला. त्याच्याबरोबर कातडी आली.

मी विचारलं, तरी तुम्ही दर वर्षी कुरडया करता?

"चिकना काय दोष शे," तुम्ही म्हणालात. "घाईना दोष शे. तिन्हाबी जीव घाबरना व्हता." सासूबाईंना तुम्ही असं सहज सोडून दिलंत. मी ते ऐकून वाटीतला गरम चीक तेल घालून खाल्ला आणि माझी जीभ पोळली. तुम्ही पोट धरून हसलात. घाईबद्दल एवढं ऐकूनही, म्हणालात.

आता तो दिवस, ज्याच्यावर आपलं बोलणं राहिलं.

याच वर्षीचा मार्च. वीज गेली होती, पंखे बंद होते. कडक करणाऱ्या रसायनातून काढलेली एक वडी मी धुवायला ट्रेमध्ये ठेवली होती. मी वळून पाहिलं तर तुम्ही स्टुलावर बसल्या होत्या आणि ती वडी तुमच्या उजव्या तळहातावर होती, व्रणावर, डाव्या हाताने अलगद दाबून धरलेली. तुमचे डोळे मिटलेले होते.

मी ओरडले. त्या खोलीत माझा आवाज एवढा मोठा मी आधी ऐकला नव्हता. "काढा ते. अक्का, काढा. विष आहे त्यात." मी ती हिसकावली. कोरड्या हाताने हिसकावली, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तुमचा हात नळाखाली धरला आणि धूत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. तुम्ही हात सोडवून घेतला नाहीत. एवढंच म्हणालात, "गार शे ती."

मग मी तुम्हाला समजावायला लागले. ते रसायन काय आहे, नीट न धुता ते कातडीला लागलं तर काय होतं, प्रयोगशाळेतलं काही अंगाला लावायचं नसतं. सगळं खरं होतं. तुम्ही म्हणालात, "तू दुसरी कर मंग. औषध न टाकता."

"तसं जाळं टिकत नाही, अक्का. लगेच विरघळतं."

"विरघळू दे."

"मग त्याचा उपयोग काय?"

चार दिवस तुम्ही जाळ्याचं विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला कळलं. मला वाटलं, दोन वर्षं जे मी बोलले नाही ते माझ्या ओरडण्याने तुम्हाला सांगितलं, आणि तुमची आशा तुटली. पाचव्या दिवशी तुम्ही पुन्हा डबा उघडताना विचारलंत, "कव्हय व्हई?" मला सुटल्यासारखं वाटलं आणि अपराधीही. या रविवारी सांगायचं, पुढच्या रविवारी सांगायचं, असं करत एप्रिल आला.

गुरुवारी मोरीपाशी, बादली हातात असताना, मी ते सुनंदावहिनींना सांगून टाकलं. माझ्यामुळे तुम्ही शस्त्रक्रिया केली नाहीत. माझ्या जाळ्याची वाट बघत राहिलात आणि मी ती बघू दिली.

वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे रडून सुजलेले होते, तरी त्यांना थोडं हसू आलं.

"ताई, धुळ्याला त्यांना मीच घेऊन गेले होते. तुम्ही कॉलेजात यायच्या आधीची गोष्ट. तिथल्या बाकावरच नाही म्हणाल्या. म्हणे, या हाताने मी दोन पोरं वाढवली, आता त्याला कशाला छळू."

"पण मला त्या दर आठवड्याला विचारायच्या."

"तुम्हाला विचारायच्या. घरी येऊन आम्हाला सांगायच्या. म्हणायच्या, पोर कामाचं विचारलं तरच तोंड उघडते. जेवली का विचारलं की हो म्हणून खिडकीकडे बघते. मग मी आपलं जाळ्याचं विचारते, पाऊण तास बोलते बिचारी."

मी बादली खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"त्यांना ठाऊक होतं?" मी विचारलं. "की ते त्यांच्या हातासाठी नाही?"

"त्यांनी आयुष्यभर पापड्या वाळवल्या, ताई," वहिनी म्हणाल्या. "कशाला किती वेळ लागतो ते त्यांना कोणी सांगायला नको होतं."

घरी आईने बादली पाहून विचारलं, "सुतकाच्या घरातलं?" मी हो म्हणाले. मग आत जाऊन तिने मोठं पातेलं काढून दिलं. आमच्याकडे कुरडया विकतच्या येतात. आईने आजवर चीक केलेला नाही. शुक्रवारी मी गहू वाटला, गाळला, चोथा बाजूला काढला आणि गव्हाचं दूध रात्रभर ठेवलं. सकाळी वरचं आंबूस पाणी हलक्या हाताने ओतून दिलं, खाली पांढरा घट्ट थर बसलेला होता. हे मी प्रयोगशाळेत शंभर वेळा केलं आहे. मीठ घातलेल्या पाण्याला उकळी आली, मी तो थर ओतत गेले, आई ढवळत राहिली. गाठी झाल्या. तुम्ही पाहिल्या असत्या तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. गाठी मोडून निघायला बराच वेळ लागला.

तुमच्या त्या सहज सोडून देण्याने मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. तुम्ही माझ्यामुळे थांबल्या नव्हतात. माझी वीस वर्षं तुम्ही पहिल्याच महिन्यात मोजून बाजूला ठेवली होतीत, आणि तरी रोज विचारत राहिलात, माझ्यासाठी. माझ्यासाठी एवढं कोणी केलं आहे आणि मला कळलंही नाही, असं आधी झालं नव्हतं.

पण चीक ढवळताना मार्चमधली ती दुपार पुन्हा आली आणि या वेळी मला तुमचं वाक्य ऐकू आलं. गार शे ती. तुम्हाला उन्हाळ्यात तो व्रण जळायचा. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत, पण फ्लास्क धुऊन झाल्यावरही हात नळाखाली धरून उभ्या राहायच्या, मी पाहायचे. दुसरी कर, औषध न टाकता. विरघळू दे. तुम्ही माझ्याकडे नवी कातडी मागितलीच नव्हती. तुम्ही तासाभराचा गारवा मागितला होता. नुसतं जिलेटिन आणि स्टार्च, उकळलेलं पाणी, स्वच्छ कापड. पंधरा मिनिटांचं काम होतं, सगळं सामान टेबलावर होतं. आणि मी विचारलं, त्याचा उपयोग काय.

हे मी तुम्हाला आता सांगते आहे. बाकी सगळ्याबद्दल तुम्ही माझी समजूत काढून गेलात, याबद्दल काढू नका.

आईने ओलं बोट चिकाला लावून पाहिलं. मी तिला सांगितलं होतं. चिकटला नाही. आम्ही गच्चीवर जुन्या धोतराचं कापड ओलं करून पसरलं आणि पळीने पापड्या घातल्या, वेड्यावाकड्या, एकसारखी एक नाही. एक पापडी मी वेगळी ठेवली, ताटात, ओल्या फडक्याच्या तुकड्यावर, सावलीत. दुपारी ती पार निवली. मी फडकं मागून ओलं केलं आणि बसून राहिले. घड्याळ पाहिलं नाही. तिने स्वतःच सोडलं. ती थरथरती पातळ चकती मी माझ्या उजव्या तळहातावर घेतली, तुम्ही घेतली होती तिथेच, आणि वरून डावा हात ठेवला.

गार शे, अक्का.

बाकीच्या गच्चीवर वाळत आहेत. तेराव्यानंतर वहिनींना नेऊन देईन. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा आहे. आई म्हणते, मी पण येते. तिला आधीच सांगून ठेवलं आहे की नुसतं बसायला लागेल.